आकाशाची फेरमोजणी

लेकीचं तिकीट सकाळी सव्वानऊला फोनवर आलं आणि साडेनऊच्या आत मोजणीसाहेबांनी त्यावर पहिली हरकत घेतली.

तोवर साहेबांच्या बाईंनी तिकीट दोनदा वाचलं होतं, एकदा मोठ्याने आणि एकदा डोळे पुसत. धाकट्या बहिणीला फोन करून झाला होता, देवासमोर उभं राहून 'सात वर्षांनी का होईना, आणलंस रे बाबा' असं म्हणूनही झालं होतं. साहेब मात्र अजून तिकिटाच्या तिसऱ्या ओळीवरच होते.

"सोळा तास?" ते म्हणाले.

"हो ना. चार महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन सोळा तास. बिचारीचं कसं व्हायचं!"

"ते नव्हे. जाताना चौदा तास दहा मिनिटं लागली होती. मग येताना सोळा कसे?"

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस दूध उतू जात असताना वर्तमानपत्र वाचणाऱ्याकडे पाहतो. "अहो, नात येतेय तुमची."

"येतेय ना. पण एक तास पन्नास मिनिटं उशिरा येतेय. ती मिनिटं कुठे जातात, ते बघायला नको?"

आता हे असं कोणाला सुचणार नाही हे खरं, पण साहेबांची गोष्ट वेगळी होती. चौतीस वर्षं त्यांनी भूमापन कचेरीत काढली होती. ऊन असो, चिखल असो, दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे असोत, साहेबांनी मोजलेली रेघ ती रेघ. आणि त्यांचा एकच नेम होता: प्रत्येक रेघ दोनदा मोजायची. एकदा या खुणेपासून त्या खुणेपर्यंत, आणि मग उलट, त्या खुणेपासून या खुणेपर्यंत. दोन्ही आकडे जुळले तर सही. नाही जुळले, तर कोणीतरी दगड सरकवलाय असं समजायचं. 'जाणं तेवढंच येणं,' हे त्यांचं पालुपद होतं. निवृत्तीच्या समारंभातही भाषण म्हणून त्यांनी एवढंच म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, काय खोल बोलून गेले! साहेब आपले जमीन मोजायच्या साखळीबद्दलच बोलत होते.

आणि सात वर्षांपूर्वीच्या प्रवासाची ती दहा मिनिटंसुद्धा त्यांच्या ध्यानात का होती, तेही सांगून टाकलेलं बरं. ते तिकीट त्यांच्या कपाटात निळ्या फायलीत जपून ठेवलेलं होतं. त्या दिवशी बाई लेकीला घेऊन शेजारच्यांच्या गाडीतून पुढे गेल्या. साहेब घर बंद करून मागून निघणार होते. विमानतळापर्यंतचा रस्ता त्यांनी स्वतः नकाशावर मोजला होता. बावन्न मिनिटं. त्यात एक मिनिटाचीही फट ठेवणं त्यांना धंद्याचा अपमान वाटला. रस्त्यात एक ट्रक आडवा झाला. साहेब पोचले तेव्हा लेक आत जाऊन अकरा मिनिटं झाली होती. काचेच्या पलीकडे लांबवर तिची पिवळी पिशवी तेवढी दिसली आणि वळणावर नाहीशी झाली. बाईंनी परतताना सांगितलं, "तीन वेळा मागे वळून बघितलं हो तिने." घरी आल्यावर साहेबांनी तिकीट निळ्या फायलीत लावलं.  पण या खेपेला लेक दारातून बाहेर येईल तेव्हा तिला पहिलं माणूस दिसेल ते आपण, हे त्यांनी तिकीट पाहताक्षणीच ठरवलं होतं. आणि त्यासाठी विमान नक्की केव्हा येतं ते कळायला हवं. आपल्या मोजणीवर विसंबून राहण्याचं फळ एकदा मिळालं होतं, तरी साहेबांचा भरवसा अजून आपल्याच मोजणीवर होता. माणूस असाच असतो. देव हसत असेल, पण मायेने.

तर मोजणी सुरू झाली. समोरच्या दाराआड राहणाऱ्या गणिताच्या निवृत्त मास्तरांकडे शाळेने टाकून दिलेला पृथ्वीचा गोल होता. मास्तर आणि साहेब रोज संध्याकाळी जिन्यात उभे राहून एकमेकांना चूक ठरवत. त्यामुळे दोघांची तब्येत उत्तम होती. तळमजल्यावर शिंपीणबाई होत्या, त्यांच्याकडून कपडे मापायचा टेप आला. दुपारी चारच्या सुमारास साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर जग मांडलं गेलं.

"या टोकाला धरा मास्तर. घट्ट. सरकवू नका."

"मी कशाला सरकवू? तुमच्या लेकीचा विमानतळ आहे तो."

टेपने तीस सेंटीमीटर दाखवले. शिंपीणबाईंनी आपल्या खडूने टेपवर तिथे निळी खूण केली. मग साहेबांनी नेमाप्रमाणे उलटं मोजलं. पुन्हा तीस. मास्तरांनी कागदावर गुणाकार केला: एका सेंटीमीटरला सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे पावणेतेरा हजार. ताशी नऊशेने भागा. चौदा तास दहा मिनिटं.

"बघा!" साहेब म्हणाले. "जाणं तेवढंच येणं. तिकीट खोटं आहे."

विजयाच्या भरात त्यांनी टेबलावर थाप मारली. गोलाची खिटी आधीच सैल होती. जग आसावरून निसटलं, उघड्या दारातून बाहेर पडलं आणि एकेक पायरी करत खाली निघालं. मास्तर ओरडले, "अहो धरा! धरा!" शिंपीणबाई हातातला खडू टाकून वजनदार शरीराने मागून धावल्या. पहिल्या मजल्यावर कोणाचं तरी दार उघडलं, 'काय चाललंय?' असा आवाज आला आणि साहेबांनी वरून उत्तर दिलं, "काही नाही, पृथ्वी!" गोल तळमजल्यावर सायकलीला अडून थांबला. एका महासागराला पोचा आला होता. मास्तर दोन दिवस बोलले नाहीत.

पण बातमी इमारतभर झाली, आणि सल्ले सुरू झाले. शिंपीणबाईंचं मत असं की विमान मधेच कुठेतरी तेल भरायला उतरत असणार आणि प्रवाशांना झोपेत कळत नसणार. "दादा, मी सांगते ना. माझ्या भाच्याची बस अशीच ढाब्यावर तासभर उभी राहते, आणि विचारलं की ड्रायव्हर म्हणतो, गाडी थेट आहे." दोन दिवसांनी मास्तर बोलायला लागले ते सिद्धांत घेऊनच. पृथ्वी फिरते, विमान हवेत असताना खालची जमीन पुढे सरकते, म्हणून एका बाजूला गाव आपणहून जवळ येतं आणि दुसऱ्या बाजूला पळतं.

"मग मी जिन्यात उडी मारली तर खाली तुमचं दार का येत नाही?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी विचार केला. "तुम्ही पुरेसा वेळ वर राहत नाही."

तिसरं मत पाववाल्याचं. हा गृहस्थ पन्नाशीचा, रोज सकाळी सायकलीला मागे भली मोठी पेटी बांधून पाव घेऊन यायचा, आणि बोलायचा कमी. साहेबांनी त्याला विचारलंही नव्हतं, पाव घेता घेता ते शिंपीणबाईंना सांगत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "साहेब, वारा असेल."

"काय?"

"वारा. मी बेकरीतून इकडे येतो दहा मिनिटांत. जाताना रिकामी पेटी, तरी पंधरा लागतात. तोंडावर असतो ना."

साहेब हसले. मोठ्या मनाने हसले. "अरे बाबा, तुझी सायकल जमिनीवर चालते. विमान किती उंच असतं! तिथे कुठला वारा? वारा सगळा खाली, झाडांपाशी." पाववाल्याने मान हलवली, पावाची पुडी दिली आणि निघून गेला. ज्याच्याकडे उत्तर असतं तो फार वेळ थांबत नाही, आणि ज्याला ते हवं असतं त्याला ते कधी ओळखू येत नाही. असो.

साहेबांनी लेकीला फोन लावला. पलीकडे नात रडत होती, कुकरसारखं काहीतरी शिट्टी मारत होतं.

"काय गं, तुझं विमान मधे कुठे थांबतं का?"

"नाही बाबा. थेट आहे."

"बघ हं. नीट आठवून सांग. गेल्या खेपेला थांबलं होतं का?"

"बाबा, विमान आहे ते! खाली उतरलं तर मला कळेल ना?"

"झोपेत?"

पलीकडे ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, ऐका. तुम्ही विमानतळावर येऊ नका. उगाच दगदग होते तुम्हाला. आई येईल, तुम्ही घरीच थांबा. आम्ही येतोच ना घरी."

ती काळजीने बोलली होती. शब्दाशब्दात काळजी होती, शेजारी उभ्या बाईंनाही ती ऐकू आली. साहेबांना मात्र त्यात अकरा मिनिटं ऐकू आली. "बरं," एवढंच ते म्हणाले आणि फोन बाईंकडे दिला. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच घेतला, आणि चहा अर्धा टाकणं हे साहेबांच्या घरात जवळजवळ पंचनाम्याचं प्रकरण होतं.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून विमान कंपनीच्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून विचारलं, "तिकीट काढायचंय का?"

"नाही. एका तिकिटाची तपासणी करायचीय. तुमच्या मार्गात एक तास पन्नास मिनिटांचा फरक येतोय. मी मोजलंय."

"तुम्ही मोजलंय?"

साहेबांनी टेप काढून काउंटरवर ठेवला. मुलीने टेपकडे पाहिलं, निळ्या खडूच्या खुणेकडे पाहिलं, आणि मग मागे बसलेल्या आपल्या वरिष्ठाकडे पाहिलं. वरिष्ठ एकाएकी फार कामात असल्यासारखा झाला.

"काका, वेळापत्रक वरून येतं. आम्ही इथे बदलत नाही."

"बदलू नका. फेरमोजणी करा. त्याचा अर्ज कुठला?"

असा अर्ज नव्हता. बॅग हरवल्याचा होता, बॅग फुटल्याचा होता, जागा बदलण्याचा होता, जेवणाचा होता. 'आकाशाची फेरमोजणी' असं म्हटल्यावर मुलगी ओठ दाबून खाली वाकली आणि बराच वेळ पेन शोधत राहिली. शेवटी 'सूचना व अभिप्राय' असा एक कागद निघाला. त्याच्यावर लिहायला चार ओळी. साहेबांनी मागची बाजूही वापरली, समासातही लिहिलं, खाली आकृती काढली, उत्तर दिशा बाणाने दाखवली आणि 'उभय टोकांच्या प्रतिनिधींसमक्ष मार्गाची फेरमोजणी व्हावी ही विनंती' अशी अखेर करून सही केली. पोच मागितली. पोच देण्याची पद्धत नव्हती. तेव्हा त्यांनी आपल्याच मोजणीवहीत 'अर्ज दिला' असं लिहून मुलीची सही घेतली. तिनेही केली बिचारीने. कोणाचा तरी म्हातारा बाप असा आपल्या दारात आला तर सही करावी, हे तिला कुठल्या नियमावलीने शिकवलं नसेल, पण ठाऊक होतं.

उत्तर चार दिवसांनी आलं. साहेबांनी ते सगळ्यांसमोर जिन्यात उघडलं, कारण ते उत्तर सगळ्यांसमोर उघडायचं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. मास्तरांनी मोठ्याने वाचलं:

"जेवणाविषयीच्या आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आम्ही आभारी आहोत. पुढील प्रवासात मऊ पोळी देण्याचा आम्ही—"

मास्तरांना पुढे वाचता येईना. शिंपीणबाईंनी पदर तोंडात धरला. साहेबांनी कागद घेतला, चार घड्या केल्या, खिशात ठेवला आणि दार लावून घेतलं. चौतीस वर्षांत त्यांच्या अर्जाला 'नामंजूर' असं उत्तर आलं होतं, 'कचेरीशी संबंध नाही' असं आलं होतं. मऊ पोळी कधी आली नव्हती.

लेक यायला आता दोन दिवस उरले होते. त्या सकाळी वारा सुटला होता. खिडक्यांची दारं आपटत होती, समोरच्या गच्चीवरचे कपडे आडवे उडत होते. पाववाला आला तो घामाघूम, आणि साहेब आपणहून खाली उतरले.

"तुझी सायकल जरा देतोस?"

"कशाला साहेब?"

"मोजणी आहे."

पाववाला हा समंजस माणूस. त्याने का, कुठे, कशी, काही विचारलं नाही. पेटी तशीच ठेवली, सीट जरा खाली केली, आणि "ब्रेक मागचाच दाबा, पुढचा नाही," एवढं सांगून बाजूला झाला. साहेबांनी सायकल शेवटची चालवली त्याला वीस वर्षं झाली असतील. दारापासून पाण्याच्या टाकीच्या वळणापर्यंतचा रस्ता त्यांनी कधीचाच पावलांनी मोजलेला होता. घड्याळ पाहिलं आणि निघाले. वारा पाठीशी होता. सायकल अशी धावली की साहेबांना आपण पंचविशीत आहोत असं वाटलं आणि त्यांनी उगाचच घंटी वाजवली. चार मिनिटं. मग वळले.

वळल्याबरोबर कोणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलावं तसं झालं. साहेब उभे राहून पायडल मारू लागले. टोपी उडून गटाराकडे गेली. मागची पेटी शिडासारखी वारा धरत होती. पोचले तेव्हा घड्याळात साडेसहा मिनिटं झाली होती आणि इमारतीच्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती.

"साहेब," पाववाल्याने हळूच विचारलं, "रस्ता बदलला का हो?"

"नाही."

"मग?"

साहेबांनी सायकल वळवली. नेमाप्रमाणे पुन्हा एकदा मोजलं पाहिजे म्हणून ते परत निघाले. चार मिनिटं, आणि परतताना अगदी दारापाशी आल्यावर त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. साहेब एकीकडे, सायकल दुसरीकडे, पाव तिसरीकडे. शिंपीणबाई हळद घेऊन धावल्या, बाई वरून "अहो, अहो" करत उतरल्या. साहेब रस्त्यावर बसूनच, गुडघ्यातून रक्त येत असताना, खिशातली मोजणीवही काढून लिहीत होते. बाईंनी वाकून वाचलं: 'अंतर तेच. वारा आडवा आला.' खाली तारीख आणि सही.

"म्हणजे तुमचं चुकलं," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"माझं चुकलं," साहेब म्हणाले. आणि पाववाल्याकडे पाहून, सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "याचं बरोबर होतं. माझं चुकलं."

सांडलेले पाव त्या दिवशी साहेबांनीच घेतले. इमारतीत प्रत्येक घरी दोन दोन गेले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण लेक यायच्या दिवशी साहेब दाढी करून, तोच इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्याला पट्टी बांधलेली असताना साडेबारालाच बसस्टॉपकडे निघाले. ठरलं असं होतं की सव्वातीनला मास्तर, शिंपीणबाई आणि बाई मिळून टॅक्सीने जायचं. विमान चार दहाचं. बाहेर येईपर्यंत पाच.

"आता कुठे?" मास्तर दारात उभे. "चार दहा हो! तुम्हीच मान्य केलंत ना सोळा तास?"

"केलं."

"मग दोन वाजता तिथे जाऊन काय, विमानाला हात दाखवणार?"

जिन्यात हशा झाला. 'साहेबांची हरकत काही सुटत नाही,' कोणीतरी म्हणालं. साहेबांच्या मनात होतं ते असं की वारा जर विमानाला दोन तास अडवू शकतो, तर तो वारा घड्याळ बघून थोडाच वाहतो? आज जरा दमला तर? आज देवाने त्याला सांगितलं, की आज एका लेकराला लवकर घरी पोचू दे, तर? पण हे जिन्यात मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "बसून राहीन तिथे. घरी तरी काय करणार?" बाईंनी मात्र त्यांच्याकडे नीट पाहिलं, आत गेल्या आणि पाण्याची बाटली आणून हातात दिली. "जा," त्या म्हणाल्या.

दोन वाजता साहेब विमानतळाच्या बाहेर येण्याच्या दारासमोर होते. कठड्यापाशी रखवालदाराने विचारलं, "कोणतं विमान?"

"चार दहाचं."

"काका, आत्ता दोन वाजलेत. तिकडे खुर्च्या आहेत, बसा. चारला या."

"उभं राहायला मनाई आहे का?"

"मनाई नाही, पण—"

"मग मी उभा राहतो."

त्यांनी दारापासून कठड्यापर्यंतचं अंतर पावलांनी काढलं, दोनदा. कोणत्या जागी उभं राहिलं की बाहेर येणाऱ्या माणसाला मान न वळवता आपण दिसू, ती जागा धरली. नावाच्या पाट्या घेऊन ड्रायव्हर येत-जात होते. एक उंच ड्रायव्हर नेमका समोर येऊन उभा राहिला. साहेब म्हणाले, "भाऊ, ही माझी हद्द आहे." तो हसला आणि सरकला. गुडघा ठणकत होता. वरच्या वेळापत्रकाच्या पाटीवर चार दहा, चार दहा, चार दहा असंच दिसत होतं. अडीच झाले, पावणेतीन झाले. साहेबांना आता स्वतःचीच लाज वाटायला लागली होती.

तीन वाजून पाच मिनिटांनी पाटीवरची ओळ हलली. चार दहाच्या पुढे नवा शब्द उमटला: उतरले.

साहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. उलटीकडून वाचलं. मग बाईंना फोन लावला. तो घरी चार्जिंगला वाजत राहिला, कारण बाई तयार होत होत्या. लेकीला लावला, फोन बंद. मास्तरांना लावला.

"मास्तर, विमान उतरलं! निघा!"

"छे! मी इथे फोनवर बघतोय ना, अख्खं विमान दिसतंय," मास्तर ठामपणे म्हणाले. "समुद्रावर आहे अजून. साहेब, पण एक गोष्ट जरा... म्हणजे वहिनींना सांगितलेलं नाही मी. पण ते लांब चाललंय."

"काय?"

"अर्ध्या तासापासून बघतोय. तोंड तिकडे आहे त्याचं. मला वाटतं त्यांनी परत फिरवलं."

साहेबांनी पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "मास्तर," ते म्हणाले, "ते आपल्याकडून तिकडे जाणारं विमान आहे. जाणाऱ्याकडे बघताय तुम्ही. येणाऱ्याकडे बघा."

पलीकडे मास्तरांच्या बोटांची टकटक ऐकू आली. मग शिंपीणबाईंचा आवाज आला, "मी म्हटलंच होतं!" त्यांनी असं काही म्हटलेलं नव्हतं.

तीन पस्तीस. काचेची दारं सरकली. आधी दोन सुटातली माणसं, मग एक आजीबाई चाकाच्या खुर्चीत, आणि मग ढकलगाडीवर बॅगांचा डोंगर रेटत, छातीशी बांधलेलं गाठोडं एका हाताने सावरत, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, अशी एक तरुण आई. ती दारात थांबली. हातातल्या फोनकडे पाहिलं. तो मेलेला होता, नातीने वाटभर त्याच्यातली गाणी ऐकून त्याचा जीव घेतला होता. कोणी आलेलं नसणार हे तिने धरलंच होतं. तासभर लवकर कोण येतं? बसायला खुर्ची कुठे दिसते का म्हणून तिने मान वर केली.

साहेबांनी हात वर केला. सात वर्षांपूर्वी काचेला टेकवला होता तोच हात. हाक मारायची होती. पण मारावीच लागली नाही. मान न वळवता दिसावं अशीच ती जागा होती.

"बाबा!"

ढकलगाडी सोडून ती निघाली, बॅगा घरंगळल्या, उंच ड्रायव्हरने पाटी टाकून त्या धरल्या. ती कठड्यापाशी आली आणि कठड्यावरूनच बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. दोघांच्या मधे गाठोडं दबलं आणि त्यातून निषेधाचा आवाज आला.

"कधीपासून उभे आहात?"

"दोनपासून." साहेबांनी घड्याळ दाखवलं. "तू एक तास पाच मिनिटं लवकर आलीस."

"पायलट म्हणाला, वारा पडला होता आज. मला वाटलं, आता इथे एकटीच बसायचं. आणि हिला भूक लागलेली, फोन बंद..." ती बोलता बोलता रडायला लागली, आणि रडता रडता हसली. "तुम्हाला घरी थांबा म्हटलं होतं ना मी?"

"हरकत होती माझी," साहेब म्हणाले.

चार वीसला टॅक्सी आली तेव्हा शिंपीणबाई, मास्तर आणि बाई धापा टाकत दाराकडे धावले, आणि साहेबांनी मागच्या खुर्चीवरून त्यांना हाक मारली. मांडीवर नात दूध पिऊन झोपली होती. शेजारी लेक त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. साहेब ताठ बसले होते, कारण हललं असतं तर दोन्हीकडच्या खुणा सरकल्या असत्या. बाई समोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदराने आधी नवऱ्याचा चेहरा पुसला आणि नंतर स्वतःचा.

घरी आल्यावर नातीला पलंगावर आडवी ठेवली. ती जागी झाली होती आणि छताकडे बघून हातपाय झाडत होती. सगळे भोवती जमले, पाववाल्यालाही बोलावलं होतं. टेबलावर शिंपीणबाईंचा टेप अजून पडलेलाच होता.

"दादा, टोपडं शिवायचंय, माप घेते," त्या म्हणाल्या. पण साहेबांनी टेप आधीच उचलला. टाचेला एक टोक, डोक्याला दुसरं. निळ्या खडूची खूण नातीच्या पोटावर, बरोबर मधोमध आली.

मास्तर वाकले. "साठ."

साहेब खुणेकडे बघत राहिले. "तीस इथपर्यंत," ते म्हणाले. "तीस इथून पुढे." मग लेकीकडे वळले. "जाणं तेवढंच येणं. जुळलं."

"आता तो टेप ठेवा आणि घ्या पोरीला," बाई म्हणाल्या.

पण टेप ठेवता येण्यासारखा नव्हता. नातीने त्याचं टोक मुठीत पकडलं होतं आणि ओढून तोंडात घालत होती. चौतीस वर्षं, समोरच्या माणसाने टेप जरा ढिला धरला की साहेब शेतभर ओरडत. आज त्यांनी आपल्या हातातलं टोक सोडून दिलं.